जाणायला, का जिंकायला?

जुन्या इंदूरच्या त्या गल्लीत कमलकाकूंनी एकदा असा घोळ घातला, की पुढे जन्मभर तो आपण मुद्दामच घातला होता असं त्या सांगत राहिल्या.

घोळ असा झाला. माडीवरची खोली भाड्यानं द्यायची होती आणि नगरहून साळव्यांचं बिऱ्हाड आलं. नवरा दिनानाथ, सांवेर रोडला नवे कारखाने निघत होते त्यातल्या एकात फिटर. बायको लीला, अंगानं किरकोळ, खाली बघून बोलणारी. काकूंनी विचारलं, "देवळात-बिवळात जाता ना बाई?" लीला म्हणाली, "जाते ना काकू, दर रविवारी." काकू खूश झाल्या. रविवार धरते म्हणजे सूर्याची उपासना असणार! किल्ली तिथल्या तिथे हातावर ठेवली. पहिला रविवार उजाडला तेव्हा कळलं, की नगरकडचे ख्रिस्ती लोक आपल्या चर्चलाच देऊळ म्हणतात.

आता खोली दिली ती दिली. काकूंचे यजमान अप्पासाहेब होळकरांच्या घोडदळातल्या घराण्यातले. मध्य प्रदेश झाला आणि राजधानी इंदूर सोडून भोपाळला गेली, त्या दिवसापासून ते जे रुसले ते रुसलेच. माडीवर कोण राहतं यात त्यांना काडीचा रस नव्हता. काकूंना मात्र होता. दोन दिवस त्यांनी डोकं चालवलं आणि निष्कर्ष काढला, की ख्रिस्ती नि मुसलमान हे आतून एकच. दोघंही माणूस पुरतात, दोघंही मूर्तीला हात जोडत नाहीत, दोघांचंही एकेक पुस्तक. मग राहिलं काय? त्यांनी लीलाचा हात धरला, गल्ली ओलांडली आणि समोरच्या दारात उभ्या राहून हाक दिली, "उस्तानीबी, ओ उस्तानीबी! ही बघा, तुमच्यातली एक आणली!"

समोर राहत होत्या नियामतबी. नवरा होळकरांच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचा, तो वारला होता. मोहल्ल्यातल्या मुलींना त्या घरीच कुराण वाचायला शिकवत. अशा शिकवणाऱ्या बाईला म्हणतात उस्तानी, म्हणून सगळी गल्ली त्यांना उस्तानीबीच म्हणे. बँडवाल्यांच्या घरच्या मराठी शेजारणींत हयात गेलेली, त्यामुळे मराठी बोलायच्या फडाफडा, पण इंदुरी मराठी. हिंदी कुठे संपली नि मराठी कुठे सुरू झाली हे त्यांनाही सांगता आलं नसतं. स्वभाव तिखट. मुलगी धड्यात अडखळली की पहिल्यांदा डोळे, दुसऱ्यांदा पट्टी. चहात साखर घालताना हात असा आखडायचा, की पिणाऱ्यानं ती मनानेच घालून घ्यावी.

लीलानं घाबरत घाबरत सांगितलं, "नाही हो, आम्ही ख्रिस्ती." त्यावर उस्तानीबी इतक्या हसल्या की त्यांना सुपारी लागली. काकूंनी पाठ चोळून दिली. "अरी कमल," श्वास आल्यावर त्या म्हणाल्या, "तू तर दोन मजहब एका पिशवीत भरून आणले गं! बैस बेटा. आलीच आहेस तर चहा पिऊन जा."

लीला बसली. तिची नजर कोनाड्यातल्या काचेच्या बरणीकडे गेली. आत एक वाळकी गाठ होती, मूठ आवळावी तशी आवळलेली. हे काय, म्हणून तिनं विचारलं. उस्तानीबी म्हणाल्या, "मरियमचा पंजा. हजहून आणतात. बाळंतपणात पाण्यात टाकायचा, उमलतो. बीबी मरियमचं नाव घेतात."

"मरियम? म्हणजे येशूची आई मरिया? तुम्ही तिला मानता?" लीला नगरच्या शाळेत वाढलेली, प्रार्थना तोंडपाठ, पण हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिचा आवाज आपोआप चढला.

उस्तानीबींनी अडकित्ता हातात घेतला, सुपारी उचलली आणि लीलाकडे रोखून पाहिलं. "पहले ये बता. जाणायला विचारते, का जिंकायला?"

लीला गोंधळली. "म्हणजे?"

"म्हणजे असं बघ. जिंकायला विचारत असशील तर मी हरले. चहा पी, घरी जा. जाणायला विचारत असशील तर थांब, सुपारी कातरून होऊ दे."

ही त्यांची रीतच होती. पुढे एकदा काकूंचा भाचा बाळकृष्ण, नुकताच वकील झालेला, उस्तानीबींशी वाद घालायला कंबर कसून आला. त्यांनी तेच विचारलं. तो ऐटीत म्हणाला, "जिंकायला!" उस्तानीबी म्हणाल्या, "हरले बेटा. कमल, याला चहा दे, जिंकून आलाय." बाळकृष्णाचं हसं झालं, पण गडी मनाचा मोठा. आठवड्यानं परत आला आणि म्हणाला, "आता जाणायला आलोय." मग मात्र त्याला अख्खी दुपार मिळाली.

लीलानं त्या दिवशी सांगितलं, "जाणायला." सुपारी कातरून झाली. उस्तानीबींनी सांगितलं, की मरियम त्यांच्यात फार मोठी बाई, कुराणात तिच्या नावाचा आख्खा भाग आहे. तिला पुरुषाविना मूल झालं हेही त्यांना मान्य. ते मूल म्हणजे ईसा, लीलाचा येशू. तो मोठा पैगंबर, त्यानं आंधळ्यांना डोळे दिले, मेलेल्यांना उठवलं, अल्लाच्या हुकमानं. "पण देवाचा बेटा नाही," त्या सरळ म्हणाल्या. "आमच्यात अल्लाला बेटा नाही, बाप नाही, जोडीदार नाही. ईसा बंदा आहे, निरोप आणणारा. इथे तू आणि मी वेगळ्या झालो. हे मी तुला साखर लावून सांगणार नाही."

"साखर तर तुम्ही चहालाही लावत नाही," काकू पुटपुटल्या.

लीलाला राग यायला हवा होता, पण आला नाही. उलट छाती हलकी झाली. घरात आलेल्या पाहुण्याला खूश करायला माणसं 'सगळे धर्म सारखेच हो' म्हणतात आणि विषय मिटवतात. ही बाई तसं करत नव्हती. जे पटत नाही ते ती तोंडावर सांगत होती आणि तरी मरियमचं नाव घेताना हात छातीशी नेत होती.

आता लीलाच्या मनात काय होतं ते सांगायला हवं, कारण ते तिनं तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नगरला असताना तिला पहिलं मूल झालं होतं, मुलगा. चार दिवससुद्धा जगला नाही. बाप्तिस्मा व्हायचा होता, नाव ठेवायचं होतं, सगळं व्हायचंच होतं. दिनानाथनं स्वतःच्या हातानं लाकडाची लहानशी पेटी केली आणि त्यानंतर त्या विषयावर चकार शब्द काढला नाही. माती पडत असताना सासूबाई रडत रडत बोलून गेल्या, "पाण्याविना गेलं गं लेकरू. आता कुठं जायचं ते?" पाणी म्हणजे बाप्तिस्म्याचं पाणी. म्हातारी दुःखात बोलली आणि विसरूनही गेली असेल. लीला विसरली नाही. माझं बाळ कुठे आहे? देवानं त्याला घेतलं, की दाराबाहेर ठेवलं? पाद्रीसाहेबांना विचारावं, तर ते 'हो, बाहेरच' म्हणाले म्हणजे? ते ऐकून आपण जगणार नाही, हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणून तिनं विचारलंच नाही. इंदूरला आली, स्वयंपाक केला, देवळात गेली, गाणी म्हटली, आणि तो प्रश्न रोज रात्री उशाला घेऊन झोपली.

ती उस्तानीबींकडे जायला लागली ती दुपारची. मुली धडे आटपून गेल्या की ही जायची. आधी साधे प्रश्न. रोज्यात थुंकीही गिळत नाहीत म्हणतात, खरं का? ("झूठ! थुंकी गिळली नाही तर माणूस धडे कसे शिकवील?") पाच वेळा नमाज, मग स्वयंपाक केव्हा? मुहम्मद पैगंबरांना तुम्ही देव मानता का, आम्ही येशूला मानतो तसं? "तौबा," उस्तानीबी कानाला हात लावून म्हणाल्या. "माणूस. शेवटचा पैगंबर, आम्हाला जिवापाड प्यारा, पण माणूस. सजदा त्याला नाही, फक्त अल्लाला." कमलकाकू तांदूळ निवडत बसलेल्या असायच्या, त्या मधेच तोंड घालायच्या, "अहो, पण एवढं सगळं एकाच देवानं बघायचं म्हणजे त्याला किती परेशानी!" आणि दोघी, एक ख्रिस्ती नि एक मुसलमान, एकाच वेळी काकूंकडे वळून हसायच्या. तेवढ्यापुरता काकूंचा निष्कर्ष खरा ठरायचा.

मग जड प्रश्न आले. क्रूस. लीला म्हणाली, "आमचा प्रभू आमच्या पापासाठी क्रूसावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला. तुमच्यात?" उस्तानीबींनी त्या दिवशी दोन सुपाऱ्या कातरल्या. मग म्हणाल्या, "आमच्यात ईसा क्रूसावर मेला नाही. लोकांना तसं वाटलं. अल्लानं त्याला वर उचलून घेतलं, आणि तो परत येणार आहे. परत येणार हे तूही मानते, मीही मानते. मधलं मात्र वेगळं."

"मग पाप कुणी फेडलं?"

"ज्यानं त्यानं तौबा करायची, माफी मागायची. आदमकडून चूक झाली, त्यानं माफी मागितली, अल्लानं माफ केलं, बात खतम. त्याचं पाप पोरांच्या माथी येत नाही." बोलता बोलता त्या थांबल्या. लीलाचा चेहरा पांढरा पडला होता. "काय झालं गं?"

"काही नाही," लीला म्हणाली आणि उठून गेली. दुसरी एखादी बाई खोदून खोदून विचारत बसली असती. उस्तानीबींनी तसं केलं नाही.

कधी एखादं उत्तर त्यांना यायचं नाही. मग सरळ म्हणायच्या, "नी मालूम. खजरान्याच्या मौलवीसाहेबांना विचारून सांगते." आणि खरंच टांगा करून जायच्या. काकू म्हणाल्या, काहीतरी ठोकून द्यायचं, तिला काय कळतंय! त्यावर उस्तानीबी भडकल्या. "तिला नाही कळणार, पण ज्याच्याबद्दल बोलते त्याला कळतं ना?" दुसऱ्याच्या धर्माचं त्या चुकूनही सांगायच्या नाहीत. "तुझ्यात काय आहे ते तू सांग, माझ्यात काय ते मी सांगते. दोन्ही ताटं वेगळी वाढायची. खिचडी आजाऱ्याला देतात."

दोन पावसाळे गेले आणि लीलाला पुन्हा दिवस राहिले. काकूंनी खजरान्याच्या गणपतीला परस्पर नवस बोलून टाकला. दिनानाथ कामावरून लवकर यायला लागला, पण बोलेना. आणि लीला, जिनं आनंदात असायला हवं होतं, ती वाळत चालली. पोट वाढत होतं, गालफडं बसत होती. एके दुपारी उस्तानीबींनी पंजाची बरणी खाली काढली, फडक्यानं पुसली आणि म्हणाल्या, "वेळ आली की कमलकडे पाठवून देईन. इस्पितळातली नर्स सांगेल ते सगळं आधी करायचं, समजलं? हा बाजूला राहील. यानं बाळ होत नाही, बाईला धीर येतो."

एवढ्यानंच लीला फुटली. हुंदके आवरेनात. आणि इतकी वर्षं जे देवाच्या माणसाला विचारलं नव्हतं, ते तिनं या बाईला विचारलं. "उस्तानीबी, तुमच्यात, पाण्याविना... म्हणजे काहीच न होता, नाव न ठेवता जे लेकरू जातं, ते कुठं जातं हो?"

उस्तानीबींनी अडकित्ता उचलला. सुपारी घेतली नाही. रिकामा अडकित्ता दोनदा उघडला, मिटला. मग आवाज इतका खाली आणून बोलल्या की लीलाला पुढे वाकावं लागलं.

"आमच्यात प्रत्येक लेकरू पाक जन्माला येतं. कानात अजान देतात, ती हाक आहे, धुणं नाही. धुवायला काही नसतंच. असं गेलेलं लेकरू जन्नतमध्ये हजरत इब्राहिमजवळ असतं, बीबी सारा त्यांना सांभाळते. पैगंबरसाहेबांनी सांगितलंय, कयामतच्या दिवशी ती लेकरं जन्नतच्या दारात उभी राहतात. आईबाप आले की त्यांचा पदर धरतात. असा, घट्ट. आणि सोडत नाहीत. आई आत आल्याशिवाय सोडत नाहीत."

मूळ अरबीत कपड्याचा काठ आहे म्हणे. उस्तानीबी स्वतः दुपट्टा घेणाऱ्या. पण सांगताना त्यांच्या तोंडून शब्द आला तो पदर, शेजारणींकडून शिकलेला. लीलानं तो ऐकला. तिला दिसलंच ते. चार बोटांची मूठ आणि त्यात नऊवारीचा काठ.

तिनं डोळे पुसले आणि झटक्यात म्हणाली, "मग मी तुमच्यात येते."

कमलकाकूंच्या हातातलं सूप खाली आलं. तांदूळ घरभर झाले.

विचार करा. धर्म शिकवण्यात जिची जिंदगी गेली, तिच्या दारात एक बाई आपण होऊन येते आणि म्हणते, मला घ्या. दुसरं कुणी असतं तर हरखून गेलं असतं. उस्तानीबींनाही भरून आलंच असेल, त्या काही लाकडाच्या नव्हत्या. पण त्यांनी लीलाचे दोन्ही हात धरले आणि रागावल्यासारख्या म्हणाल्या, "येड्यासारखं करू नको. ईसा देवाचा बेटा नाही, हे तुला पटलं का? मनातून?"

लीलानं हात सोडवून घ्यायला पाहिलं.

"पटलंय?"

"नाही," लीला म्हणाली. खोटं बोलायची तिची ताकदच नव्हती.

"मग कसली येतेस? बेटा, पटलं असतं तर दार उघडं होतं, मीच पहिली मिठी मारली असती. पण लेकरासाठी तू तोंडानं एक म्हणशील आणि मनात दुसरं ठेवशील. असला सौदा मी करू देणार नाही. आणि ऐक. तुझं लेकरू कुठे आहे ते तुझ्या येण्या-न येण्यावर नाही. माझं म्हणणं खरं असेल तर ते आज, आत्ता तिथेच आहे. तू रविवारी देवळात गेलीस तरी तिथेच आहे." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या पाद्रीनं काय सांगितलं?"

"विचारलंच नाही."

"क्यों?"

"भीती वाटते. ते हो म्हणाले तर?"

उस्तानीबी उठल्या, खुंटीवरचा बुरखा काढला. "चल. माझ्याकडे माझं उत्तर होतं, ते मी दिलं. तुझं उत्तर तुझ्या घरी आहे. ते न घेता तू माझं घेऊन पळणार, म्हणजे ही तर चोरी झाली."

ती गल्ली ते दृश्य अजून विसरली नसेल. पुढे बुरख्यातल्या उस्तानीबी, मागे पोट सांभाळत लीला, आणि त्यांच्यामागे, 'मी आपली सोबत' म्हणत कमलकाकू. चर्चच्या व्हरांड्यात पाद्री श्रीपादराव कुंड्यांना पाणी घालत होते. तीन बायांना तीन तऱ्हेच्या वेशात पाहून ते झारी हातात घेऊन तसेच उभे राहिले. उस्तानीबी म्हणाल्या, "पाद्रीसाहेब, ही तुम्हाला एक सवाल विचारणार आहे. जाणायला विचारते आहे. तुम्हीही तसंच उत्तर द्या." आणि त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या, पाठ करून.

लीलानं विचारलं. श्रीपादरावांनी झारी खाली ठेवली. वयस्कर माणूस, हजारो प्रवचनं केलेला, पण तिच्यासमोर पायरीवरच बसले. "कुणी सांगितलं तुला हे?" ते म्हणाले. "अगं, पाणी ही खूण आहे. देवाच्या दाराचं तिकीट आहे होय ते? ज्या प्रभूनं लहान लेकरांना जवळ बोलावून कवेत घेतलं, शिष्य अडवत होते तर त्यांना रागे भरला, तो तुझ्या बाळाला पाण्याची वाट बघायला लावील? ते त्याच्या कुशीत आहे. माझी तेवढी श्रद्धा नसेल तर मी हा झगा घालू नये." मग त्यांचेच डोळे भरले. "एवढी वर्षं तू हे एकटीनं वागवलंस आणि दर रविवारी माझ्यासमोर बसत होतीस. मला कळू नये?" त्यांनी विचारलं, "येत्या रविवारी मी त्याच्यासाठी प्रार्थना करीन. काय नाव घेऊ?"

लीलाला नाव सांगता येईना. नाव नव्हतंच. तिनं बाकाकडे पाहिलं. उस्तानीबी मागे न वळताच म्हणाल्या, "आमच्यात जिवंत जन्मलेल्याला नाव देतात, मगच दफन करतात. हाक मारायची तर नाव नको?"

"इसहाक," लीला म्हणाली. दुपारपासून तिच्या डोक्यात सारा होती, इब्राहिमची बायको, सगळ्या लेकरांना सांभाळणारी. त्या सारेचा मुलगा इसहाक. श्रीपादरावांनी मान हलवली. बाकावरून आवाज आला, "अच्छा नाम है. आमच्यातही हेच आहे. उच्चारसुद्धा हाच."

रविवारी श्रीपादरावांनी 'इसहाक दिनानाथ साळवे' असं पूर्ण नाव घेतलं. दिनानाथ, जो पेटी केल्यापासून त्या विषयावर बोलला नव्हता, तो भर देवळात ढसढसा रडला. घरी येताना वाटेत त्यानं लीलाला विचारलं, "त्याचे कान तुझ्यासारखे होते, तुला आठवतं?" आणि मग दोघं घरी येईपर्यंत फक्त त्याच्याबद्दल बोलत राहिले.

पुढे लीलाला मुलगी झाली. इस्पितळात नर्सनं तिचं सगळं नीट केलं, आणि उशाशी वाडग्यात मरियमचा पंजा बोटं सोडवत उमलत गेला. श्रेय कुणाचं यावर वर्षभर वाद चालला. काकूंनी ते गणपतीला देऊन टाकलं, नारळासकट. मुलीचं नाव रीतसर ठेवलं, बाप्तिस्माही झाला, पण गल्लीसाठी ती बेबीच राहिली.

आणि लीला ख्रिस्तीच राहिली, अगदी पक्की. उस्तानीबी मुसलमानच राहिल्या. दुपारचे प्रश्न मात्र थांबले नाहीत.

बेबी कॉलेजात जायला लागली त्या वर्षी उस्तानीबींनी अंथरूण धरलं. खोकला आधीपासूनचा, आता जिवावर उठला. त्यांच्या शिकलेल्या मुली, ज्या आता स्वतः आया झाल्या होत्या, पाळीपाळीनं उशाशी येऊन बसायच्या. एका दुपारी लीला आणि काकू दोघीच होत्या. उस्तानीबींनी डोळे उघडले, काकूंकडे पाहिलं, लीलाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लीला, एक विचारू?"

"विचारा ना."

"मला पण एक होता. बेटा. लग्नानंतर लगेचच. कमलला ठाऊक आहे." काकूंनी मान खाली घातली. म्हणजे इतक्या वर्षांत, जिच्या पोटात तीळ भिजत नाही त्या काकूंनी, हे एकच कुणाला सांगितलं नव्हतं. "ताप होता मला. शुद्ध नव्हती. शुद्धीवर आले तोवर त्याला नेलं होतं. मी तोंड पाहिलं नाही त्याचं. त्यानं माझं नाही." त्यांचा श्वास लागला. थोडं थांबून त्यांनी विचारलं, "इतक्या गर्दीत तो मला ओळखेल का गं?"

पदराची ती गोष्ट सांगताना त्या दिवशी अडकित्ता रिकामा का वाजला होता, ते लीलाला आज कळलं. तिला रडू येत होतं. पण ती ज्या बाईसमोर बसली होती तिनं तिला एक रीत शिकवली होती, आणि आज ती रीत मोडायची नव्हती.

"जाणायला विचारता, का जिंकायला?" तिनं विचारलं.

उस्तानीबींच्या ओठांवर हसू आलं. "जाणायला, बेटा. अब क्या जीतना."

लीलाला आपलं सांगता आलं असतं, प्रभूचं, पुनरुत्थानाचं. तिच्यापाशी ते होतं आणि तिचा त्यावर जीव होता. पण उस्तानीबींना हवं होतं ते उत्तर त्यांच्याच घरी होतं.

"आमच्यात काय आहे ते मी पुन्हा केव्हातरी सांगीन," ती म्हणाली. "तुमच्यात तर साफ आहे. तुम्हीच सांगितलं मला. लेकरू दारात उभं राहतं आणि पदर धरतं. तोंड बघतं असं कुठं म्हणालात तुम्ही? तान्ह्याला आईचं तोंड कुठं ठाऊक असतं उस्तानीबी. त्याला पदर कळतो."

उस्तानीबी छताकडे बघत राहिल्या. डोळ्यांच्या कडांतून पाणी कानांपर्यंत गेलं, ते त्यांनी पुसलं नाही. "या अल्ला," त्या म्हणाल्या. आणि मग, "जीत गई तू."

"मी जिंकायला नव्हते आले."

लीलानं रजईखाली हात घातला, गुंडाळून दबलेला दुपट्टा हळूच सोडवला आणि त्याचा काठ बाहेर ओढून पलंगाच्या कडेवरून मोकळा सोडला. काकूंना ते अव्यवस्थित दिसलं. त्या सवयीनं पुढे झाल्या आणि तो आत खोचायला लागल्या.

"राहू द्या काकू," लीला म्हणाली. "बाहेरच राहू द्या. त्याला सापडायला हवा."